टाचेखालचं लाकूड

आमच्या खटकचिंचोळीत कारहुणवीला, म्हणजे जेठातल्या पुनवेच्या बैलांच्या सणाला, बैल मिरवून झाले की मारुतीपुढचा गुंड उचलायचा. गुंड म्हणजे काळा गोल धोंडा. आधी मांडीवर, मग छातीवर, मग खांद्यावर घ्यायचा. ज्यानं घेतला त्याला फेटा आणि नारळ, आणि त्या दिवसापासून तो गडी माणसांत धरला जाई.

मला त्यात कुणी धरत नव्हतं. लहानपणी उजवा पाय गाडीच्या चाकाखाली सापडला होता. हाडवैद्यानं बांधला तो असा की घोटा कायमचा आखडला. चालताना थोडा लंगडायचो, एवढंच. पण जिथं जाईन तिथं लोक सवलत द्यायचे. कडब्याची हलकी पेंढी माझी, खळ्यावर बसायचं काम माझं. त्या सवलतीचा मला वीट आला होता. एकदा तरी सगळ्यांच्या मापानं मला मोजावं, बस्स, एवढंच पाहिजे होतं.

अंगात जोर कमी नव्हता. अडत होतं ते पायाशी. अनवाणी उकिडवं बसून टाच टेकवली की मी मागं उताणा. मग पायात काहीतरी घालावं म्हणून वर्षभर नाही नाही ते करून बघितलं. भालकीच्या बाजारातून किरमिचाचे बूट आणले. त्यांचा तळ मऊ रबराचा, धोंडा छातीशी आला की गादीवर उभं राहिल्यासारखे पाय डुगडुगायचे. पलटणीतून सुटून आलेल्या एकाचे नाल मारलेले बूट मागून आणले, तर ते फरशीवर सटकले आणि माझं ढोपर फुटलं. थोरली वहिनी म्हणाली, "भावजी, नाचता येईना अंगण वाकडं." तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिला काय बोलणार?

शेवटी वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं माझा पाय हातात घेतला आणि घोटा वाकवून बघितला. आजवर तेवढंसुद्धा कुणी केलं नव्हतं. त्यानं तळ सपाट आणि टणक ठेवला, टाचेखाली कातड्याचे थर देऊन ती दोन बोटं उंच केली, वरून घट्ट पट्टा आवळला. ती वहाण घालून मी उकिडवा बसलो, तर टाचही टेकलेली आणि पाठही सरळ. चार दिवसांत मळ्यातला तेवढाच धोंडा खांद्यावर गेला. बघायला कुणी नव्हतं, तरी मला रडू आलं.

आणि मग ध्यानात आलं, गुंड मारुतीचा. कातडं पायात ठेवून त्याला शिवायचं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक, आणि मी शहाणा वर्षभर जोडे शोधत हिंडत होतो! तरी पोलीस पाटलांना विचारलं.

"सगळे अनवाणी उचलत्यात. तुलाच कामून पायताण लागायलंय?"

"घोटा वाकत न्हाई, पाटील."

"मग कामून उचलायलास? तुला कुणी सांगितलंय का?"

मठातले स्वामी लाकडाच्या खडावा घालून देवळात जातात, मग मला लाकूड का चालू नये, म्हणून मी पंचांशी भांडलो. त्यांनी नुसत्या माना हलवल्या. हो नाही आणि नाही पण नाही. मी ते हो धरलं. सुताराकडून बाभळीच्या दोन पाचरी करून घेतल्या, सटकू नयेत म्हणून खाली खाचा पाडल्या, आणि सुती दोरीनं त्या टाचांना बांधल्या.

कारहुणवीला गुंड मांडीवर आला, छातीवर आला, खांद्यावर गेला. मी उभा राहिलो. पाय तसूभर हलला नाही. लोक काही म्हणायच्या आत पाटील म्हणाले, "लाकडावर उभारून उचललाय. हे धरायचं न्हाई." पंच एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी धोंडा खांद्यावर ठेवूनच म्हणलं, "स्वामींच्या पायात काय असतंय मग?"

तेवढ्यात गर्दीतून अप्पा पुढं आले, माझे वडील. त्यांच्या आवाजाला सारी आळी भ्यायची. मला वाटलं, आता हे भांडणार. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून काखेत घेतलं आणि हात जोडले.

"धरा की, पाटील. लंगडं लेकरू हाय माझं. एवढं करा त्याच्यासाठी."

पाटील एकदम मऊ पडले. "व्हय व्हय, धरलं. द्या फेटा त्याला."

मी गुंड खाली टाकला. "धरू नका," म्हणलं. दोनदा म्हणलं. कुणी ऐकलं नाही. फेटा बांधायला आले त्यांचा हात मी झटकला, तेव्हा फेटा अप्पांनीच घेतला. घरापर्यंत ते तो छातीशी धरून माझ्यापुढं चालले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचे, पोरानं गुंड उचलला म्हणून. इतके खूश होते, की मला त्यांच्यावर धड चिडतासुद्धा येईना.