गाठ कुणाची?

आमचे दाजी डुप्लिकेट किल्ल्या बनवतात आणि जगात कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. कुलूप लावलं की ओढून बघतात, मग ताईला ओढायला लावतात आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा स्वतः ओढतात. मी त्यांचा सख्खा मेहुणा; तरी मी दुकानात पाय ठेवला की त्यांचा एक डोळा कानशींच्या डब्यावर.

ताईने त्यांना आपलं एक मूत्रपिंड दिलं. भूल उतरताच हे महाशय विचारतात, "नक्की तिचंच बसवलंय ना?"

काही वर्षं बरी गेली. मग त्याच मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. झालं! दाजींना आयतं निमित्त मिळालं. "हे तुझ्याकडूनच आलंय. तुला ठाऊक असणार," असं ते भरल्या ताटावर सगळ्यांदेखत म्हणायचे. ताई त्यांच्याच ताटात पोळी वाढायची. माझं टाळकं सरकायचं. पोटातलं काढून दिलं, वर हे ऐकून घ्यायचं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीचा तुकडा दोघांच्या रक्ताशी ताडून पाहू. गाठ ताईच्या पेशींची निघाली तर मूत्रपिंड काढायचं आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बंद करायच्या. मग गाठीचं उरलंसुरलं जे असेल ते दाजींचं शरीरच परकं समजून हुसकावून लावील. डायलिसिस मागे लागेल, पण जीव वाचण्याची आशा चांगली. दाजींच्याच पेशींची निघाली तर मात्र कठीण.

ताईने लगेच दंड पुढे केला. "एवढी घाई कसली तुला?" दाजी गुरगुरले. मग रक्ताच्या नळ्यांवरची नावं त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली, नर्सलाही मोठ्याने वाचायला लावली.

निकाल सांगताना बाईंचा चेहरा खुलला होता. "गाठ तुमच्या पत्नीच्या पेशींची आहे. तुमच्या दृष्टीने बातमी चांगली."

आता घरी जाऊन हा माणूस ताईला काय काय ऐकवेल, या विचाराने मी मुठी आवळून बसलो.

दाजी खुर्चीच्या टोकाला सरकले. "मग हिच्याकडे जे दुसरं राहिलंय, त्याचं काय?"

"तेही तपासावं लागेल. लगेच."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"नळ्यांची अदलाबदल झालीय," ते बाईंवर ओरडले. "गाठ माझीच आहे. पुन्हा तपासा."