वॉल्व्हमधला दोरा

नवरा वर्षभर अंथरुणात होता, त्याला सांगितलं नाही. मुलीला नाही. देवापुढेही तोंडातून काढलं नाही — तो तरी कुठे विचारत होता? तुम्हाला सांगते.

पळस्प्याच्या अलीकडे आमचं गॅरेज होतं. मी चौथी शिकलेली, पण तिथे बसून इंजिन मला कळायला लागलं. काढलेले पार्ट रॉकेलमध्ये धुवायचं काम माझं. काशिनाथ आमचा मेकॅनिक, डोंगराकडच्या कातकरी वाडीतला. हात चांगला, तोंड त्याहून चालू. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "शेठ, गाडी आजारी नाय, तुमी चालवता तशी हाय." मला हसू यायचं. रागही यायचा — का, ते सांगतेच.

आधी इंजिनाचं ऐका. वरच्या बाजूला एक दांडा फिरतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावरच्या उंचवट्यांनी दाबलं की दारं उघडतात — एकातून हवा आत, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर. जुन्या गाड्यांत दारं उघडायची वेळ ठरलेली. पण सिग्नलला उभ्या गाडीला आणि हायवेला पळणाऱ्या गाडीला एकच वेळ कशी चालेल? पळताना हवेचं दार लवकर उघडलेलं बरं, उभी असताना उशिरा. म्हणून नव्या गाड्यांत दांड्याच्या टोकाला आतून कप्पे असलेलं चाक असतं. कप्प्यात एका बाजूने ऑइल भरलं की दांडा जरासा पुढे फिरतो, दुसऱ्या बाजूने भरलं की मागे. ऑइल कुठल्या बाजूला सोडायचं, ते बोटाएवढा एक वॉल्व्ह बघतो. तो इतका नाजूक, की आत कचरा गेला तर अडकून बसतो.

हे सगळं मला काशिनाथनेच सांगितलं होतं. आणि वर एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा वॉल्व्ह धुवायला देताना चारचौघांत बजावलं — "मावशी, ह्याला फडका लावू नका. हवा मारा नि ठेवा." चहावाला हसला. कातकऱ्याने मला शिकवायचं? — हेच मनात आलं, दुसरं काही नाही. तो जेवायला गेल्यावर मी तो वॉल्व्ह जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसला. मुद्दाम. दाबून दाबून.

गाडी परत आली ती ओढून आणलेली. पुढे फिरलेला दांडा मागे येईना. वेग कमी केला की हवेचं दार वेळेआधी उघडायचं, जळका धूर आत शिरायचा, इंजिन थरथरून बंद. फाट्यावर वळताना तशीच बंद पडली आणि मागून टेम्पो आदळला. गाडीच्या मालकाच्या बायकोचं मनगट मोडलं. नवऱ्याने वॉल्व्ह खोलला. आत दोरा. "कोणी पुसलं हे?"

मी म्हटलं, काशिनाथने.

दुसऱ्यांदा कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याचं नाव घेतलं की सगळ्यांना पटणार, हे मला ठाऊक होतं — म्हणून तर घेतलं. तो म्हणाला, "मावशी, मीच सांगितलेलं ना, फडका नको म्हणून?" मी खाली बघून पार्ट धूत राहिले. नवऱ्याने त्याला तिथल्या तिथे काढला.

मग दुसऱ्या गॅरेजवाल्यांचे चौकशीचे फोन यायचे. नवरा सांगायचा, निष्काळजी माणूस, ठेवू नका. मी शेजारी बसून ऐकायचे. मला काय वाचा गेली होती? एकदा काशिनाथ स्वतः आला, नवरा बाहेर गेलेला बघून. "तुमी एकदा शेठना सांगा. मी कुनाला काय बोलनार नाय." म्हणजे त्याला सगळं कळलेलं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत, तुझं तू बघ. पुढे तो आणि त्याची बायको वीटभट्टीवर गेल्याचं ऐकलं.

आता गॅरेज बंद आहे, नवरा गेला. खरं बोलले तरी माझं काही जाणार नाही. गेल्या महिन्यात सुकापूरला माझी रिक्षा एका नव्या बिल्डिंगसमोर अडली. काशिनाथ डोक्यावरचं घमेलं उतरवत होता, पाठीत पार वाकलेला. मला बघून रिक्षापाशी आला.

"मावशी, बऱ्या हाय ना तुमी?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, दुसऱ्या रस्त्याने घे.