तांबं पोकळ म्हणणारा मास्तर

कमरोद्दीन औरंगाबादेत कॉलेज करून जाफराबादला मास्तर झाला. निजामी राज्यात शास्त्र उर्दूत शिकवत. अणूला पुस्तकात ‘जौहर’ म्हणत. एके दिवशी त्यानं शाळेच्या अंगणात ज्वारीचा दाणा ठेवला अन्‌ पोरांच्या बोलीत सांगितलं.

"हा जौहराचा गाभा. जवळजवळ सगळं वजन याच्यात. इलेक्ट्रॉन फिरतात ते पार तिकडं, नदीच्या काठाला. मधी काय? कायबी न्हाई." मग तांब्याचा लोटा वाजवून म्हणाला, "ह्योबी असाच. आतून पोकळ."

पोरांनी घरी जाऊन शेवटचं तेवढं सांगितलं.

आठवडी बाजाराला नजीरमियाँच्या भांड्यांच्या दुकानात बाया आल्या, हंडे वाजवून बघितले, अन्‌ ठेवून गेल्या. दुपारपर्यंत एक पळीसुद्धा खपली नाही. अडचण अशी, की नजीरमियाँच्या अनवरीची मंगनी कमरोद्दीनशीच ठरली होती. मियाँ दुकान उघडं टाकून शाळेत गेले.

"जमाईसाब, माझं तांबं पोकळ हाय?"

"बिलकुल," कमरोद्दीन म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "पण पितळबी पोकळ, लोखंडबी. तुम्हीबी."

मियाँनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाजारात आणलं अन्‌ हंड्यांच्या राशीपुढं उभं केलं. "आता हेच समद्यांना सांग."

कमरोद्दीननं सांगितलं. तांब्याच्या गाभ्यात एकोणतीस प्रोटॉन असतात. तीस झाले की ते तांबं राहत नाही, जस्त होतं. बाहेर तेवढेच इलेक्ट्रॉन. एका जौहराचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून पोकळ असूनही हात आरपार जात नाही. लोक शांतपणे ऐकत होते. एकानं विचारलं, एवढं पोकळ आहे तर भाव कमी का नाही. मियाँनी डोळे मिटले.

तेवढ्यात चतुराबाई माळीण पुढं झाली. तिला लेकीच्या लग्नात द्यायला हंडा हवा होता, अन्‌ सकाळपासून ती याच्यासाठीच खोळंबली होती. तिनं हंडा हौदावर नेला, काठोकाठ भरला, डोक्यावर घेतला आणि बाजाराला एक चक्कर मारून आली.

"गळत न्हाई," ती म्हणाली. "अन्‌ मान मोडून राह्यली. पोकळ असला तर माझ्या बापाचं काय गेलं?"

संध्याकाळपर्यंत निम्मे हंडे गेले. विज्ञानामुळं गेले असं कुणी म्हटलं नाही, कमरोद्दीननंही नाही.

निकाह ठरल्या दिवशी झाला. मियाँनी एकच अट घातली, की बाजाराच्या आदल्या दिवशी धातूंचा धडा घ्यायचा नाही. कमरोद्दीननं ती पाळली; त्या दिवशी तो हवा शिकवायचा.

लग्नानंतर पहिल्यांदा दोघं निवांत बसली तेव्हा अनवरीनं विचारलं, "बाजार में क्या बोले थे तुम? अब्बा आठ दिन बात नइं करे किसी से."

त्यानं तिला सगळं सांगितलं, गाभ्यापासून इलेक्ट्रॉनपर्यंत. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकलं.

"थकता नइं वो, घूम घूम के?"

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं.

"नइं थकता," तो म्हणाला.

"सारा दिन घूमता, तो घर का पानी कौन भरता उसका?" अनवरी म्हणाली, आणि घागर त्याच्याकडं सरकवली.

तो उठून पाणी आणायला गेला.