गुडघा माझा, उत्तर त्यांचं

“गुडघ्याची गादी झिजली आहे. उघडून बघावं लागेल,” बारामतीतले हाडांचे डॉक्टर म्हणाले. समोर मी बसले होते, दुखरा पाय माझा होता, पण बोलत होते ते माझ्या नवऱ्याशी. आणि आमचे हे मान डोलवत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवत होते. एसटीतून उतरलं की शाळेपर्यंत चालत जायचं. उजव्या गुडघ्यात अशी कळ यायची की वाटेत बांधावर बसून घ्यावं लागे. ऑपरेशननंतर पहिल्यासारखं चालता येईल, याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. माझी नोकरी तर त्या चालण्यावरच होती.

हा निर्णय आला कुठून ते ऐका. आधीच्या खेपेला डॉक्टरांनी गुडघ्याच्या सांध्यात इंजेक्शन दिलं होतं. त्यात एक लोकल अनेस्थेटिक, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध. दुसरं स्टेरॉइड, म्हणजे आतली सूज हळूहळू उतरवणारं. “जिना चढा-उतरा,” ते म्हणाले होते. “दुखणं थांबलं तर दोष गुडघ्यातच आहे.” म्हणजे ती सुई नुसता उपचार नव्हती, तपासणीही होती. आणि तिचा निकाल मी सांगायचा होता.

मी जिन्यावर होते. कळ जशीच्या तशी. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या ह्यांना त्यांनी विचारलं, “काय, फरक आहे ना?”

हे उठून उभे राहिले. “व्हय डॉक्टर, लई बरं हाय.”

झालं. मी कठडा धरून खाली येईपर्यंत डॉक्टर ऑपरेशनला गेलेसुद्धा. कंपाउंडर म्हणाला, पुढच्या खेपेला सांगा.

“मला न विचारता तुमी कसं सांगितलं?” स्टँडवर मी ह्यांना विचारलं.

“अगं, एवढी मोठी सुई दिली त्यांनी. तोंडावर न्हाय कसं म्हणायचं? वाईट दिसतं.”

आमच्याकडची ही रीतच. जेवण कसं झालं विचारलं की झकास म्हणायचं, डॉक्टरनं विचारलं की बरं हाय म्हणायचं. त्या “बरं हाय”पायी माझा गुडघा कापला जाणार होता.

म्हणून या खेपेला डॉक्टरांनी गुडघा उघडायचं म्हटलं आणि ह्यांनी ऑपरेशनची तारीख विचारली तेव्हा माझं डोकं फिरलं.

“डॉक्टर, त्या सुईनं माझं दुखणं जरासुद्धा थांबलं नव्हतं.”

“पण तुमचे मिस्टर तर म्हणाले...”

“पाय माझा आहे. तुम्ही त्यांना विचारलंतच कशाला?”

डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवून मांडी आतल्या बाजूला वळवली. जांघेतून अशी कळ गेली की मी ओरडले.

“दुखणं खुब्यातलं दिसतंय,” ते म्हणाले. “ते कधीकधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याची थोडी झीज या वयात बऱ्याच जणांच्या एक्स-रेत दिसते.”

पुढच्या आठवड्यात एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्यांनी खुब्यात सुई दिली. सुई लांब असते, आत दाब जाणवतो, पण सहन होतं. थोड्या वेळानं मी जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. कळ नव्हती. मला रडू आलं ते आनंदानं नव्हे, संतापानं. एवढे महिने मी काय सोसत होते, आणि ते कोणी मला विचारलंच नव्हतं.

डॉक्टर आले. सवयीनं हे उठले. “बसा,” मी म्हटलं. डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं, आणि ऑपरेशन रद्द झालं. मी फटकारलं तरी त्यांनी मनात धरलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खुब्याचं दुखणं पुरतं गेलं नाही. व्यायाम आहेत, मधूनमधून सुई आहे, पण मी माझ्या पायांनी शाळेत जात राहिले.

सांध्याची सुई घ्यायची वेळ आली तर एवढं करा. बधिर करणाऱ्या औषधाचा असर काही तासच टिकतो. तेवढ्यात चाला, जिना चढा आणि असेल तेच सांगा, तुमच्या तोंडानं सांगा. सुई आपण डॉक्टरला बरं वाटावं म्हणून घेत नाही.