टॅरी

आमचे वडील पनवेलच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांचा जीव मात्र चलनातून गेलेल्या शब्दांवर, आणि त्यांतही ‘टॅरी’ या क्रियापदावर फार. नुसतं थांबणं म्हणजे टॅरी नव्हे, ते आम्हाला जेवता जेवता सांगत. निघायचं ठरलेलं असतं पण पाय निघत नाही, ते टॅरी. फार पूर्वी दुसऱ्याला अडकवून ठेवण्यालाही हेच म्हणत. त्याचं मूळ काही पक्कं सापडत नव्हतं. जाड कोशात ‘अनिश्चित’ असं लिहिलेलं. कुणी त्याचं नातं छळणे, चिडवणे अशा अर्थाच्या जुन्या शब्दाशी लावत. आई म्हणे, त्यात अनिश्चित काय आहे, मला विचारा.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर पेणला. परत जायच्या दिवसासाठी सासूबाईंचा निरोप आला, बाळाचं पाऊल दिवेलागणीच्या आत घरात पडलं पाहिजे. बाई कडक होत्या. दिवाळसणाला ताई जरा उशिरा पोचली, तर त्यांनी तिच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. त्यामुळे दुपारची एस.टी. गाठणं भाग होतं.

आईनं ताईच्या तळहातावर दही घातलं. टांगा दारात उभा होता. ताई बाळाला घेऊन पायरी उतरली आणि वडिलांनी मागून हाक मारली, “थांब गं जरा.”

आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मारलीच, तर त्यानं परत आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. वडील असल्या समजुतींची यथेच्छ टिंगल करत, पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत आई थोडीच ऐकणार! ताई परत येऊन बसली. हाक कशाला मारली, ते वडिलांना सांगता येईना. त्यांनी बाळाचं टोपडं सोडलं, पुन्हा बांधलं, परत सोडलं. मला त्यांचा राग आला.

आम्ही स्टँडवर पोचलो तर गाडी नुकतीच सुटलेली. टांगेवाला म्हणाला, “आता सांजची भेटंल, मास्तर.” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळची गाडी लागली तेव्हा घरातल्या कपड्यांनिशी वडीलही तिच्यामागोमाग चढले.

पुढचं ताईकडून कळलं. पेणला दिवे लागले होते आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या. अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारे वडील त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. “उशीर हिच्यामुळे नाही झाला. मी मागून हाक मारली. बोलायचं ते मला बोला.”

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळ कडेवर घेतलं आणि व्याह्यांना राहायचा आग्रह केला. वडील राहिले नाहीत. शेवटच्या गाडीनं पनवेलला परतले.

एवढं त्या म्हणत होत्या तर निदान जेवून तरी यायचं, असं आई म्हणाली.

“जेवायला बसलो असतो,” वडील म्हणाले, “तर तिला घेऊनच उठलो असतो.”