बाबांचा तळमजला

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या वैद्यकीय कारकिर्दीतला हा एकमेव पेशंट, आणि तो माझा बाप!

एमबीबीएस मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते विचारू नका. आमच्याकडे तो प्रश्न रोज पोळीबरोबर वाढतात. बाबा रेल्वेत अधिकारी. बदली झाली म्हणून नुकतेच कोलकात्याला, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो होतो. ऑफिसात ते हाताखालच्यांना झापतात, घरी मला.

त्या संध्याकाळी बसस्टॉपजवळच्या दुकानातून मी व्हेजिटेबल चॉप आणले. वर कुरकुरीत, आत लाल, गोडसर सारण. फर्मास!

"असलं तळकट खाऊन पोटाची वाट लागते," बाबा म्हणाले, आणि चार खाल्ले. उपदेश तोंडातून बाहेर, चॉप तोंडातून आत. मोठी माणसं ही अशी.

सकाळी बाथरूममधून बाहेर आले ते भिंत धरून. आईच्या कानात काहीतरी पुटपुटले. आई धावत माझ्याकडे.

"अरे, त्यांना रक्त पडतंय! लालभडक!"

बाबा मात्र माझ्याकडेच बघत होते. जन्मात पहिल्यांदा विचारलंन माणसानं, "तुला कळतं का रे यातलं काही?"

संपलं! आता मला कोण थांबवणार?

"पोट म्हणजे उभी बिल्डिंग समजा. वर तोंड, मग अन्ननलिका, जठर, लहान आतडं, खाली मोठं आतडं. वरच्या मजल्यावर रक्त आलं तर पचत पचत खाली येईपर्यंत काळं पडतं, डांबरासारखं. लाल म्हणजे गडबड तळमजल्यावर."

"तळमजल्यावर काय असतं?"

मूळव्याध म्हणायला काय झालं होतं मला? पण नाही!

"गाठसुद्धा असू शकते," मी म्हणालो.

आई मटकन खाली बसली. बाबांनी माझा हात धरला.

"आईला सांभाळ. आणि... तुला फार बोललो रे मी."

मी रडलो. होय, मी! या माणसाशी मी महिनाभर धड बोललो नव्हतो, आणि आता त्याला खांद्याचा आधार देऊन समोरच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्या डॉक्टरबाबूंकडे निघालो होतो. जिना संपता संपेना.

डॉक्टरबाबूंनी पोट दाबलं, नाडी बघितली, चष्मा वर केला.

"कल क्या खाया, कुलकर्णीबाबू?"

मीच म्हणालो, "चॉप. चार."

"अरे बाबा! चॉप में तो बीट रहता है! किसी किसी के पेट में उसका रंग हजम नहीं होता. सीधा नीचे!" मग माझ्याकडे वळले. "तुम तो डाक्टरी पढ़े हो. पूछा नहीं, क्या खाया?"

"वो... तीसरे साल में सिखाते हैं."

जिना चढताना बाबांना खांदा लागला नाही. दोन-दोन पायऱ्या चढत होते. दारात थांबून एवढंच म्हणाले, "ते 'फार बोललो' म्हणालो ना? ते मी परत घेतो."

इथवर ठीक होतं हो. पण उरलेले दोन चॉप मी खाल्ले होते, आणि माझं सगळंच जरा उशिरा होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बघितलं. बीट ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं, तरी घशातून किंकाळी निघाली, "आई गं!"

दारावर टकटक झाली.

"काय डॉक्टर," बाहेरून बाबांचा शांत आवाज, "कितवा मजला?"