उरलेला उपमा खड्ड्यात गेला

भगिनी मंडळातल्या मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून मंडळाच्या फळ्यावर हे लिहून लावते आहे.

आपल्या पनवेलच्या शाळेत मुलांना दुपारी सरकारी उपमा मिळतो. रेशनवर धान्य मिळेनासं झालं, तेव्हापासून उरलेला उपमा आम्ही मिठागरातल्या कुटुंबांना देत होतो. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, त्यांच्या हाताला काम नसतं.

आज तपासणीला साहेब आले. म्हणाले, "हे अन्न फक्त विद्यार्थ्यांचं. उरलं तर पुरून टाका." हेडमास्तरांनी हात जोडले, मीही बोलले. साहेबांनी आमच्या देखत खड्डा खणायला लावला.

फाटकाशी मिठागरातली बारकीबाई टोप घेऊन उभी होती. तिची सखू माझ्या चौथीच्या वर्गात आहे, घरी दोन धाकटी भावंडं.

"बाई, मातीला देताव, न आमाला नाय?" तिने विचारलं.

मग ती म्हणाली, "सखूला उद्यापासून नाय धाडत. तिचा एकीचा पोट शालेन भरंल, धाकट्यांचा काय? लाकडा इकायला माझेबरोबर येल ती."

मी पुष्कळ विनवलं. ती सखूचा हात धरून चालू लागली. सखूने वळून पाहिलंसुद्धा नाही.

उद्या सखूचा वाटाही उरेल आणि तोही खड्ड्यातच जाईल. मैत्रिणींनो, हजेरी घेताना तिचं नाव मी कोणत्या तोंडाने पुकारू?